नैर्ऋत्येच्या बारा खुंट्या

१

सोमवारी सकाळी अकरा वाजता पाच जाणत्या माणसांच्या समितीने असा निष्कर्ष काढला की दलदल खोटं बोलत नाही. एवढं ठरवायला पाच माणसं लागली याचं कुणाला नवल वाटलं नाही. नवल पुढच्या वाक्याचं वाटलं. खोटं बोलते ती मोजणीवाली, असं ते वाक्य होतं.

जागा म्हणजे विटांसाठी माती उकरून सोडून दिलेले खड्डे. बारा वर्षांपूर्वी त्यांत पुन्हा पाणी सोडलं, वरच्या अंगाला झाडं लावली, आणि खाली पाणथळ, वर जंगल असा प्रकल्प उभा राहिला. मग तिथे नक्की काय उगवतं हे बघायला बावन्न चौकोन आखले. एक मीटर लांब, एक मीटर रुंद, चार कोपऱ्यांना चार लोखंडी खुंट्या. अकरा वर्षं, वर्षातून चार वेळा, मोजणीवाली प्रत्येक चौकोनाशी गुडघे टेकायची आणि कोणती वनस्पती किती टक्के जमीन झाकते ते मोठ्याने सांगायची. तिचा जोडीदार ते तक्त्यात लिहायचा. जगात याहून कंटाळवाणं काम असेल, पण ते करणाऱ्याला निदान खुर्ची मिळत असेल.

या खेपेला तिने दलदलीतल्या बारा चौकोनांत वाईट बातमी वाचली. लव्हाळे गेले, बारीक फुलांच्या वनस्पती गेल्या, पुरुषभर उंचीचं पाणकणीस सगळीकडे माजलं. पूर्वी जिथे एकोणीस जाती होत्या तिथे तीन. दहा दिवसांनी प्रकल्पाला 'पूर्ण यशस्वी' ठरवायला समिती आली. तिने त्याच बारा चौकोनांत वाकून मोजलं. कुठे चौदा जाती, कुठे सोळा, एकात तर अठरा. पाणकणसाचं एक पातं नाही.

म्हणून पत्र निघालं. जागेवर न जाता आकडे भरले असं मोजणीवालीने शुक्रवारी पाचपर्यंत लिहून द्यावं. दिलं तर तिला गुपचूप काढतील. नाही दिलं तर तिची अकरा वर्षांची सगळी मोजणी रद्द करून तसं गाजवतील. नोकरी दोन्हीकडून जाणार होती. निवड फक्त आवाजाची होती.

ते पत्र घेऊन ती मावशीकडे आली.

मावशीने एकतीस वर्षं वाळवलेल्या वनस्पती कागदावर चिकटवायची नोकरी केली होती. निवृत्त झाल्यावर चिकटवायला काही उरलं नाही, तेव्हा ती लोकांना धारेवर धरू लागली. तिने पत्र दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि गेली होतीस का, एवढंच विचारलं.

"माझे गुडघे त्या चौकोनांत गेलेत मावशी," भाची म्हणाली.

"मग चौकोन हललेत," मावशी म्हणाली, आणि गमबूट शोधायला उठली.

२

चौकोन हलणं वाटतं तितकं अवघड नव्हतं. प्रत्येक चौकोनाची जागा हातातल्या यंत्रावर नोंदलेली होती खरी, पण ते यंत्र चार-पाच पावलं इकडेतिकडे दाखवतं, हे ते विकणारा सोडून सगळ्यांना माहीत होतं. फोटोही होते. पण वरून काढलेल्या एक मीटरच्या फोटोत एक मीटरच दिसतो. तो पाणकणसाने भरलेला असला, तर जगातल्या कुठल्याही डबक्यातला असू शकतो. समितीने नेमकं तेच म्हटलं होतं.

भाची हे सांगत असताना तिचा फोन वाजला. सर होते.

सर म्हणजे या जागेचे जन्मदाते. विटांच्या खड्ड्यांत त्यांना दलदल दिसली तेव्हा इतरांना फक्त डास दिसले होते. भाचीला त्यांनीच शिकवलं. मावशीने एकतीसपैकी बावीस वर्षं त्यांच्याच हाताखाली डिंक लावला. गुडघ्यांमुळे गेली अकरा वर्षं ते चौकोनांपर्यंत उतरले नव्हते, बांधावरून सकाळी फिरत एवढंच. तरी मोजणीचा प्रत्येक तक्ता आधी त्यांच्याकडे जाई आणि त्यांची सही होऊनच पुढे सरके.

बाळ, सही करून टाक, असं ते म्हणाले. चूक कुणाच्याही हातून होते. मी समितीशी बोलेन, तुला दुसरीकडे कुठे तरी लावून देईन.

भाचीच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढं प्रेमाने तिच्याशी आठवडाभरात कुणी बोललं नव्हतं. मावशीला मात्र संताप आला, आणि तो नेमका कशाचा हे तिला कळेना. खाडखाड पाय आपटत ती प्रकल्पाच्या कार्यालयात गेली.

तिथले साहेब दोन वर्षांपूर्वी आले होते. 'पूर्ण यशस्वी' हे शब्द त्यांना बढतीसाठी हवे होते आणि ते त्यांनी लपवलं नाही. उलट फलक तयारच आहे म्हणाले, फक्त तारीख घालायची राहिली आहे. तुमच्या भाचीने ऐन वेळी घोळ घातला. मावशीने विचारलं, की दलदल इथून कोणत्या दिशेला. साहेबांनी आत्मविश्वासाने खिडकीकडे हात केला. खिडकीबाहेर वाहनतळ होता. मग त्यांनी फोन काढला, तो गोल फिरवला, स्वतःही फिरले, आणि शेवटी कपाटाकडे बोट दाखवलं.

एवढं हवं असलेल्या माणसाने चिखलात हात घातला असेल का? घातला असेलही, मावशी मनात म्हणाली. पण हा माणूस बारा चौकोन हलवायला गेला असता, तर त्याला शोधायला आणखी बारा माणसं गेली असती.

पाणकणीस तुंबल्या पाण्यात माजतं हे तिला ठाऊक होतं, म्हणून बाहेर पडताना तिने सहज विचारलं, की दलदलीतलं पाणी कोण वाढवतं. साहेब म्हणाले, पाणी वाढलंय का?

३

पाणीवाला दरवाजाच्या चाकाशी बसला होता. दलदलीतून पाणी सोडायचा हा लोखंडी दरवाजा तो चाक फिरवून वरखाली करी. दरवाजा खाली सोडला की पाणी तुंबतं. पाणी वर्षातले बरेच महिने गुडघाभर राहिलं की लव्हाळे गुदमरतात आणि पाणकणसाचं फावतं, हे त्याने मावशीला शाळा घेतल्यासारखं समजावलं. दोन वर्षं दरवाजा खालीच आहे, हेही बोलून गेला. मग खाली का, असं तिने विचारलं.

शब्द मोडता येत नाही अशा माणसाने सांगितलं म्हणून, एवढंच तो म्हणाला. बांधावरून पाणी दिसायला पाहिजे, नुसता चिखल बघायला लोक येत नाहीत, असं त्या माणसाचं म्हणणं. नाव विचारलं तर तो दरवाजाला वंगण लावू लागला. कोरड्या हाताने, कारण वंगण संपलं होतं.

"दलदल बुडवलीत तुम्ही मिळून," मावशी म्हणाली. "तिला पाणी पाजून मारलंत."

"मी चाक फिरवतो मावशी," तो म्हणाला. त्याची ती मावशी नव्हती, पण ती कुणाचीही मावशी होई. "डोकं फिरवायचं काम वेगळ्या माणसाकडे आहे."

चौकोनांच्या खुंट्यांबद्दल त्याला एवढंच ठाऊक होतं की त्या पायात अडकतात. कुठल्या खुंटीवर आकडा असतो म्हणे, हे त्याने आज पहिल्यांदा ऐकलं. त्याने मागच्या आठवड्यात दलदलीत कुणाला उतरताना पाहिलं का? नाही. त्या दिवसांत तो सुट्टीवर होता. सुट्टी मागितली नव्हती. आपण होऊन मिळाली होती.

४

उरला जोडीदार. गुरुवारी सकाळी मावशीने त्याला घरातूनच उचललं. तो यायला तयार नव्हता. समितीपुढे त्याने खरं तेच सांगितलं होतं. ती सांगत गेली, मी लिहीत गेलो, माझी नजर कागदावर असते. अगदी खरं. फक्त हे सगळं दलदलीत घडलं, की स्वयंपाकघरात, हे त्याने सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नाही. भाची गेली की तिची जागा त्याला मिळणार होती.

वाटेत मावशीने त्याची जी हजेरी घेतली ती इथे द्यायला जागा पुरणार नाही. सार एवढंच, की अकरा वर्षं एकाच डब्यातलं खाऊन माणूस इतका कागदासारखा पातळ होतो, हे तिला ठाऊक नव्हतं. तो रडवेला झाला. घरी हप्ते आहेत, म्हणाला. भाचीच्या घरी काय सोन्याची खाण आहे का, मावशीने विचारलं.

दलदल पावसाळ्यापूर्वीची, पाणी ओसरलेली होती. जोडीदाराने सातव्या चौकोनाच्या खुंट्या दाखवल्या. जमीन तिथे वीतभर उंच होती आणि आत खरोखरच छोटीशी बाग होती. लव्हाळे, जांभळी फुलं, सगळं जागच्या जागी. पाच पावलांवर पाणकणसाची भिंत उभी होती. समितीला चौकोनात बघायला सांगितलं होतं, आणि ती चौकोनातच बघून गेली होती.

मोजताना तुम्ही कुठे बसता, असं मावशीने विचारलं. उत्तरेला, तो म्हणाला. म्हणजे आपली सावली चौकोनावर पडत नाही. चिखलात फळी टाकायची, त्यावर ताईंचे गुडघे, मागे मी. मावशीने चौकोनाच्या उत्तरेला बघितलं. तिथे गवत असं उभं होतं जणू त्याला आजवर कुणी हात लावला नव्हता. अकरा वर्षांत चव्वेचाळीस वेळा जिथे फळी पडली आणि बाई बसली, तिथे.

मग ती पाणकणसात शिरली. आत पाच पावलांवर फळीच्या मापाची एक पट्टी सापडली. माती दगडासारखी दबलेली, मोडलेली पाती अजून पुरती पिवळी व्हायची होती, आणि मध्ये गुडघ्यांचे दोन खळगे. भाचीचे गुडघे मावशीने ती रांगायला लागली तेव्हापासून पाहिले होते. तिने त्या खळग्यांत हात ठेवला आणि काही वेळ उठलीच नाही.

पट्टीच्या दक्षिणेला तिने छत्रीच्या टोकाने चिखल खरवडला. राखाडी चिखलात तांबडा डाग निघाला. मग दुसरा. अकरा वर्षं गंजलेलं लोखंड चिखलात आपला रंग सोडून जातं. चार भोकं, बरोबर एक मीटरवर, वरून नीट चिखल भरलेली. तीन बोटाएवढी, एक अंगठ्याहून जाड.

"जाड खुंटी आकड्याची," जोडीदार म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "तिच्यावर चौकोनाचा नंबर असतो. ताईंच्या डाव्या गुडघ्याशी. ईशान्य कोपऱ्यात. बावन्नही चौकोनांत तशीच."

मावशी बाहेर आली आणि नव्या चौकोनाकडे बघत राहिली. जाड खुंटी ईशान्येला नव्हती. ती बरोबर समोरच्या कोपऱ्यात होती. नैर्ऋत्येला.

५

उरलेले अकरा चौकोन बघायला दोन तास लागले. प्रत्येक ठिकाणी तेच. पाणकणसात तांबडी भोकं, त्यांतलं जाड ईशान्येला. पाच पावलांवर नवा चौकोन, त्याची जाड खुंटी नैर्ऋत्येला. बारापैकी बारा.

मावशी बांधावर बसली आणि तिने जोडीदाराला विचार करायला लावलं. तो सवयीने लिहायला कागद शोधू लागला. कागद नको, डोकं वापर, ती म्हणाली.

हलवणाऱ्याने खुंट्या उपटून पोत्यात भरल्या असणार. एकेक हलवली असती तर कोपरा चुकलाच नसता. पोतं घेऊन तो नव्या जागी आला. आता जाड खुंटी कुठे ठोकायची? ज्याला यातलं काही कळत नाही, पाणीवाला म्हण, साहेब म्हण, तो हाताला येईल तशी ठोकेल. बारा ठिकाणी ती चारही कोपऱ्यांत विखुरेल. जो अकरा वर्षं इथे येतोय, म्हणजे तू, त्याचा हात आपोआप ईशान्येला जाईल. तुला पैज लावली तरी चुकवता येणार नाही. इथे बाराच्या बारा एकाच चुकीच्या कोपऱ्यात आहेत. हा गलथानपणा नाही. हा कुणाचा तरी काटेकोरपणा आहे. हे कुठल्या नियमाने केलंय, आणि तो नियम कुठे लिहिलाय?

जोडीदाराने दप्तर उलटं केलं. तळातून मोजणीची नियमपुस्तिका निघाली. साहेबांनी स्वतःच्या फोटोचं नवीन मुखपृष्ठ घालून ती पुन्हा छापली होती, पण आतली पानं अजून एकमेकांना चिकटलेली होती. मावशीने नखाने चौथं पान सोडवलं. 'क्रमांकाची खुंटी सदैव नैर्ऋत्य कोपऱ्यात असावी.'

मग तुमची ईशान्येला का? जोडीदाराला ते आठवत होतं. पहिल्या दिवशी पहिल्या चौकोनाच्या नैर्ऋत्येला बुंधा आडवा आला. ताईंनी खुंटी समोर ठोकली, आणि एकसारखं असावं म्हणून सगळीकडे तशीच. पुस्तकात बदल करायचा राहून गेला. सर पहिल्या दिवशी फीत कापून गेले होते, त्यांना सांगायचंही राहिलं.

बोलता बोलता तो थांबला. मावशीने पुस्तिका मिटली. पुस्तिका लिहिणाऱ्याचं नाव शेवटच्या पानावर होतं. वाचायची गरज नव्हती, बावीस वर्षं तिने त्याच माणसाच्या याच भाषेतल्या चिठ्ठ्या वाळलेल्या फुलांशेजारी चिकटवल्या होत्या.

६

सरांनी स्वतः दार उघडलं. संध्याकाळचं ऊन त्यांच्या मानपत्रांवर पडलं होतं. किती दिवसांनी, म्हणाले, बसा, आणि मुलीच्या सहीचं काय झालं म्हणून काळजीने विचारलं. म्हाताऱ्या माणसाने इतकं गोड असणं हे एक प्रकारचं हत्यार असतं. मावशी बसली नाही.

तिने सगळं उभ्यानेच सांगितलं. फळीची पट्टी, गुडघे, तांबडी भोकं, नैर्ऋत्य. दरवाजा कुणाच्या शब्दाने खाली राहिला आणि पाणीवाल्याला न मागता सुट्टी कुणाच्या शब्दाने मिळाली तेही विचारलं. सर ऐकत होते. एकदा म्हणाले, की पुस्तिका इतरांनीही वाचली असेल. कुणी, मावशीने विचारलं. आपलं पुस्तक कुणीच वाचलेलं नाही, हे आज त्यांना महागात पडत होतं.

मग ते खुर्चीत बसले.

"मला एक मोसम हवा होता," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी दरवाजा उघडला असता. लव्हाळे परत आले असते. फक्त या एका खेपेला..."

ते सांगत गेले. तिचे आकडे सहीला आले तेव्हा त्यांनी ते तीनदा वाचले. पाणी वाढवायला त्यांनीच सांगितलं होतं, बांधावर येणाऱ्यांना तळं दिसावं म्हणून. आयुष्यात एक जागा जिवंत केली आणि ती स्वतःच्या हाताने बुडवली, हे पाच माणसांसमोर वाचून दाखवायला ते धजले नाहीत. तीन पहाटे ते काठी टेकत खाली उतरले.

गुडघ्यांचं काय झालं, मावशीने विचारलं. खूप दुखले, सर म्हणाले, आणि सहानुभूतीची वाट बघत थांबले.

"तिचेही दुखतात," मावशी म्हणाली. "अकरा वर्षं. तुम्ही शिकवलंत, जे दिसेल ते सांगायचं. तिने सांगितलं. आणि तुम्ही तिला फोन करून म्हणता, बाळ, सही कर. चोरी तुम्ही करायची, आणि माफीही तुम्हीच करायची? तिला?"

सरांनी मान खाली घातली. हे बाहेर गेलं तर जागा बदनाम होईल, म्हणाले. खुंट्या कशा तरी सरकल्या असं ठरवता येईल. तिला काय हवं ते विचारा, मी देईन.

मावशीने तिथूनच फोन लावला आणि विचारलं. भाचीने पलीकडून एकच वाक्य सांगितलं. मावशीने फोन ठेवला.

"उद्या चारला दलदलीत या," ती म्हणाली. "काठी घरी ठेवा."

७

शुक्रवारी दुपारी समितीने बारा ठिकाणची भोकं पाहिली. पाचही जणांनी ती पाहिली आणि पाचही जणांना एकदम खोकला झाला. पत्र मागे घेतलं. 'खुंट्या अज्ञात कारणाने सरकल्या' असा मसुदा साहेबांनी उभ्या उभ्या केला आणि सगळ्यांना तो आवडला. मोजणीवालीची नोकरी राहिली, प्रकल्पाची अब्रू राहिली, आता चहा घ्यावा, असं वातावरण झालं.

भाचीने चहा घेतला नाही. ती म्हणाली, असं केलंत तर माझे आकडे संशयाचा फायदा देऊन सोडल्यासारखे होतील. जो तो म्हणेल, खुंट्या सरकल्या, काय सांगावं. मला फायदा नको. माझे आकडे खरे आहेत की नाहीत एवढंच बघा. एका चौकोनाची मोजणी पुन्हा करा. मी नाही करणार. खुंट्या ज्यांनी हलवल्या ते करतील.

समितीने एकमेकांकडे पाहिलं. तेवढ्यात सर पुढे झाले.

सातव्या चौकोनाच्या खुंट्या तिने सकाळीच मूळ भोकांत ठोकल्या होत्या. तिने उत्तरेला फळी टाकली. सर खाली बसायला लागले आणि मध्येच अडकले. आधारासाठी त्यांनी हात पुढे केला. सगळ्यात जवळ मावशी उभी होती. तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले. सर फळीवर टेकले तेव्हा त्यांच्या तोंडून आवाज निघाला, आणि पाणीवाल्याने दुसरीकडे पाहिलं.

जोडीदाराने कोरा तक्ता काढला.

सरांनी पाती बाजूला केली, वाकून बघितलं. चिखलाचा वास येत होता. बराच वेळ गेला. पाणकणीस, ते म्हणाले. सत्तर टक्के.

"परत बघा सर," भाची म्हणाली.

त्यांनी परत पाहिलं. ऐंशी, म्हणाले. नव्वद असेल.

"दिसतंय ते सांगा. असेल ते नको."

सरांनी तळवा जमिनीवर ठेवला आणि इंच इंच सरकवत नेला, पूर्वी वर्गात शिकवायचे तसा. लव्हाळ्यांचं एक पातं मिळालं. मेलेलं होतं. त्यांनी ते हातात धरून ठेवलं. आता त्यांचे खांदे हलत होते, पण तिला घाई नव्हती. मोजणीला घाई करायची नसते, हे त्यांचंच शिकवणं.

"सत्त्याण्णव," ते शेवटी म्हणाले. "इतर दोन जाती मिळून तीन. लव्हाळा शून्य."

तिने तिच्या तक्त्यावरचा आकडा समितीपुढे धरला. तो सत्त्याण्णव होता. साहेबांनी मसुद्याचा कागद घडी करून खिशात टाकला. पाणीवाला न सांगता दरवाजाकडे निघाला.

जोडीदाराने आकडे लिहिले, मग पेन्सिल थांबवली आणि विचारलं, की निरीक्षकाच्या रकान्यात काय लिहू. सरांनी फळीवरूनच आपलं पूर्ण नाव सांगितलं, पुढे पदवी, तिच्यापुढे मानद पद. इतक्या वर्षांची सवय होती. जोडीदार लिहू लागला.

"नुसतं नाव लिही," भाची म्हणाली. "बाकीच्याला रकाना नाही."